पासवर्ड बरोबर, तरी रिमोट डेस्कटॉप आत घेत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात कृषी केंद्रे, जिनिंग, दालमिल आणि पतसंस्था यांच्या संगणकांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. या सगळ्यांचा हिशेब बहुधा दुकानातल्या किंवा कारखान्यातल्या एकाच संगणकावर, टॅलीत, ठेवलेला असतो. मालकाला तो संध्याकाळी घरी बसून पाहायचा असतो आणि कर सल्लागार यवतमाळ, अमरावती नाहीतर नागपूरला असतो, त्यामुळे विंडोजमधला रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवण्याची सोय, आता आमच्याकडे रोजच्या वापरात आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ तारीख आणि ३-बी साठी २० तारीख गाठावी लागते. या तारखा जवळ आल्या की माझा फोन वाजू लागतो आणि पलीकडचे वाक्य ठरलेले असते: ‘भाऊ, पासवर्ड तर बरोबरच टाकून रायलो, पण घेऊनच नाही रायला.’

असा फोन करणारा माणूस बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याचा पासवर्ड बरोबर असतो; चुकते ते दुसरेच काहीतरी. नाव चुकलेले असते, खाते वेगळे असते, संगणकच वेगळा असतो किंवा खात्याला कुलूप लागलेले असते. म्हणून माझा पहिला आग्रह असा असतो, की पासवर्ड लगेच बदलू नये. घाईने बदललेला पासवर्ड मूळ अडचण तशीच ठेवतो आणि वर दोन-तीन नव्या अडचणी उभ्या करतो, त्यांच्याविषयी शेवटी लिहिलेच आहे.

बहुतेक कारणांना एकच संदेश का मिळतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. जुन्या काळी रिमोट डेस्कटॉप जोडला की पलीकडच्या संगणकाचा लॉगिनचा पडदा आपल्यासमोर उघडत असे आणि नाव-पासवर्ड तिथे टाकावा लागे. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’, म्हणजे एनएलए, आले. त्यात पडदा उघडण्याच्या आधीच ओळख तपासली जाते. कापसाची गाडी वजनकाट्यावर चढवण्याआधी फाटकावरच कागद पाहावेत, तसा हा प्रकार आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ही पद्धत उत्तमच आहे, कारण अनोळखी माणसाला पलीकडच्या संगणकाचा पडदासुद्धा दिसत नाही. पण त्यामुळेच नाकारण्याचे कारणही बहुधा सविस्तर सांगितले जात नाही. नाव अस्तित्वात नाही की पासवर्ड चुकीचा आहे, हा फरक सांगितला तर चोरट्यालाच मदत होईल, म्हणून दोन्ही वेळा ‘युवर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क’, म्हणजे दिलेले नाव-पासवर्ड चालले नाहीत, एवढेच दिसते. या संदेशात एक चांगली बातमीही आहे. तो आला म्हणजे पलीकडच्या संगणकाने उत्तर दिले आहे. केबल, राउटर, फायरवॉल हे सगळे ठीक आहे आणि त्यांच्यामागे वेळ घालवण्याचे कारण नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ पिनचा आहे. नव्या लॅपटॉपवर मालक रोज सकाळी चार किंवा सहा आकडे टाकून काम सुरू करतो आणि त्यालाच पासवर्ड म्हणतो. पिन ही विंडोज हॅलोची, म्हणजे पासवर्डऐवजी पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरून आत जाण्याच्या पद्धतीची, सोय असून ती त्या एकाच यंत्राशी बांधलेली असते; दुसऱ्या संगणकावरून जोडणी करताना ती पासवर्ड म्हणून चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आता हे खाते मायक्रोसॉफ्टचे, म्हणजे ई-मेलवर काढलेले असेल, तर तो पासवर्ड कोणता, हे बऱ्याच मालकांना ठाऊकच नसते, कारण लॅपटॉप विकत घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलाने काउंटरवरच खाते काढून दिलेले असते आणि कधीकधी तर स्वतःचाच ई-मेल घातलेला असतो. अशा वेळी पासवर्ड शोधण्याआधी ते खाते नेमके कोणाचे आहे, हे ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन पाहावे.

पासवर्ड ठाऊक असूनही मायक्रोसॉफ्टचे खाते रिमोटवरून चालत नाही, अशीही एक स्थिती असते आणि ती ओळखायला अवघड आहे. विंडोज ११ मध्ये साइन-इनच्या पर्यायांत एक बटण असते, ज्याचा अर्थ ‘या यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्यांसाठी फक्त विंडोज हॅलोनेच प्रवेश द्या’ असा होतो. ते सुरू असेल आणि पहिल्या दिवसापासून सगळे काम पिनवरच चाललेले असेल, तर त्या यंत्राने तुमचा पासवर्ड कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्याकडे ताडून पाहायला काही नसल्यामुळे ते यंत्र बरोबर पासवर्डही नाकारते. यावर उपाय असा, की त्या संगणकासमोर बसून ते बटण बंद करावे, पडदा लॉक करावा, पिनऐवजी पासवर्डचा पर्याय निवडून इंटरनेट सुरू असताना एकदा पासवर्डनेच आत जावे, आणि मग रिमोटवरून प्रयत्न करावा. वेबसाइटवर जाऊन पासवर्ड बदलला असेल तेव्हाही हेच करावे लागते, नाहीतर यंत्राकडे जुनाच पासवर्ड साठवलेला राहतो. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टची नवी खाती मुळातच पासवर्डविना उघडतात, त्यामुळे हा घोळ पुढे वाढणारच आहे. लहान व्यावसायिकांना मी सरळ सांगतो, की रिमोटसाठी त्या संगणकावर एक वेगळे स्थानिक, म्हणजे ई-मेलशी न जोडलेले, खाते काढावे, त्याला नीट पासवर्ड द्यावा आणि ते ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात घालावे. मालकाचे ई-मेल खाते आणि कर सल्लागाराच्या सहायकाचा प्रवेश एकत्र ठेवणे मला तसेही पसंत नाही.

याच्या अगदी उलट अडचण जुन्या संगणकांवर येते. तिथे पासवर्डच नसतो. काउंटरवरचा संगणक सुरू केला की थेट टॅली दिसली पाहिजे, अशी दिवाणजींची इच्छा असते आणि ती रास्तही आहे. पण ज्या खात्याला पासवर्ड नाही ते फक्त यंत्रासमोर बसूनच वापरता येईल, असे विंडोजचे धोरण एक्सपीच्या काळापासून आहे. त्यामुळे रिमोटवर पासवर्डची चौकट रिकामी सोडून पुढे गेले, की खात्यावरच्या निर्बंधाविषयीचा संदेश येतो. हे धोरण बंद कसे करायचे, हे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत; मी ते करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. वर सांगितलेले वेगळे खाते काढले, की दिवाणजींचे खाते जसे आहे तसे राहू शकते.

आता नावाकडे येऊ. लॉगिनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात जे दिसते ते दाखवण्याचे नाव असते. खात्याचे खरे नाव वेगळे असू शकते. आमच्याकडे संगणक जुळवून देणारे दुकानदार विंडोज टाकताना ‘युजर’, ‘अ‍ॅडमिन’, ‘एचपी’ किंवा ‘पीसी’ अशी नावे देऊन मोकळे होतात. पुढे कोणीतरी कंट्रोल पॅनेलमधून ते बदलून मालकाचे किंवा दुकानाचे नाव घालतो. पडद्यावर नवे नाव झळकते, पण आतले नाव ‘एचपी’च राहते. एका कृषी केंद्रात मालक दुकानाचे पूर्ण नाव, मधल्या जागांसकट, अत्यंत काळजीपूर्वक टाइप करत होते आणि दर वेळी नाकारले जात होते. त्यांच्या संगणकावर काळ्या पडद्याची कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू अ‍ॅम आय’ ही आज्ञा, तिन्ही शब्द जोडून, दिली तेव्हा उत्तरात आधी संगणकाचे नाव, मग उलटी तिरपी रेघ आणि मग ‘युजर’ एवढेच आले. रिमोटवर हेच उत्तर जसेच्या तसे नावाच्या चौकटीत लिहायचे असते. ‘नेट युजर’ या आज्ञेने त्या संगणकावरच्या सगळ्या खात्यांची खरी नावे दिसतात, तीही एकदा पाहून घ्यावीत.

नावाच्या आधी संगणकाचे नाव लिहिण्याला महत्त्व आहे. नुसते ‘युजर’ लिहिले तर आपल्या बाजूचा संगणक कधीकधी स्वतःचेच नाव किंवा कार्यालयाच्या डोमेनचे, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटाचे, नाव त्याच्या आधी जोडून पाठवतो आणि पलीकडचा संगणक म्हणतो, असा कोणी माझ्याकडे नाही. विशेषतः कर सल्लागाराच्या कार्यालयातले संगणक डोमेनमध्ये असले की हे होते. क्रेडेन्शियलच्या चौकटीत खाली डोमेनचे नाव बारीक अक्षरात दिसते, ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर ‘मायक्रोसॉफ्टअकाउंट’ हा जोडशब्द इंग्रजीत, मग उलटी तिरपी रेघ आणि मग पूर्ण ई-मेल अशी मांडणी करावी. सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये त्या खात्याच्या नावाने ई-मेलची पहिली पाचच अक्षरे दिसतात. त्यावरून काही जण तेवढीच पाच अक्षरे टाकून पाहतात, पण ती खटपट करण्यापेक्षा पूर्ण ई-मेल लिहिणे निर्धोक आहे. रेघ उलटीच हवी. फोनच्या कीबोर्डवर ती दुसऱ्या-तिसऱ्या पानावर दडलेली असते, म्हणून माणसे सरळ तिरपी रेघ देतात आणि नाव चुकते.

टाइप करतानाच्या चुका दिसत नाहीत, कारण पासवर्डच्या जागी ठिपके उमटतात. कॅप्स लॉक आणि नम लॉक सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याविषयी वेगळे लिहीत नाही. आमच्याकडचे खास कारण मराठी कीबोर्डचे आहे. पतसंस्थेत ठराव, नोटिसा, पत्रे मराठीत लिहायची असतात, त्यामुळे संगणकावर इन्स्क्रिप्ट सुरू असते. पत्र लिहून झाल्यावर ऑपरेटर तशीच रिमोटची चौकट उघडते आणि पासवर्ड टाकते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘के’च्या कळीवर क येतो हे खरे, पण ‘एच’वर प, ‘जे’वर र, ‘एल’वर त आणि ‘डी’वर हलन्त येतो, आणि ठिपक्यांमागे हे सगळे झाकलेले राहते. अशीच एक ऑपरेटर, ताई म्हणतो मी तिला, माझ्यासमोर पुनःपुन्हा तोच पासवर्ड टाकत होती आणि तिच्या बोटांत खरोखर एकही चूक नव्हती. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी मात्र ‘मरा’ ही दोन अक्षरे दिसत होती. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणला आणि पहिल्याच वेळी टॅली उघडली. शंका असेल तेव्हा पासवर्डच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे पाहावीत. ते चिन्ह नसेल तर नोटपॅडमध्ये टाइप करून पाहावे आणि फाइल न साठवता बंद करावी. आजूबाजूला कोणी उभे नाही ना, एवढे मात्र आधी बघावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड पाठवणे मुळातच वाईट, पण सगळे तेच करतात, म्हणून त्यातली एक गंमत सांगतो. पासवर्डच्या सुरुवातीला आणि शेवटी तारांकन असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप ती दोन्ही तारांकने खाऊन टाकते आणि मधली अक्षरे ठळक करून दाखवते. खालच्या रेघा असतील तर अक्षरे तिरकी होतात आणि रेघा गायब होतात. वाचणाऱ्याला वाटते, सल्लागाराने जोर देण्यासाठी ठळक लिहिले असेल. शिवाय फोनचा कीबोर्ड वाक्याच्या सुरुवातीचे अक्षर आपणहून मोठे करतो आणि सुचवलेला शब्द निवडला तर पुढे एक मोकळी जागा सोडतो. ती जागा कॉपी-पेस्टबरोबर पासवर्डच्या चौकटीत येते आणि एक जादा ठिपका म्हणून बसते. मी ग्राहकांसाठी पासवर्ड ठरवताना तारांकन, खालची रेघ आणि अवतरणचिन्हे टाळतो आणि त्याऐवजी लांबी वाढवतो. तीन-चार असंबद्ध शब्द आणि मध्ये काही आकडे, असा पासवर्ड फोनवर सांगता येतो आणि ओळखायला सोपा नसतो.

काही वेळा आपण पासवर्ड टाकतच नसतो, संगणकच जुना पाठवत असतो. पूर्वी कधीतरी ‘रिमेंबर मी’वर खूण केलेली असते. ही साठवलेली माहिती कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, विंडोज क्रेडेन्शियल्सखाली असते. तिथल्या ज्या नोंदीची सुरुवात ‘टर्म एसआरव्ही’ने होते आणि पुढे संगणकाचे नाव किंवा आयपी पत्ता असतो ती रिमोट डेस्कटॉपची. ती काढून टाकली की पुढच्या वेळी चौकट स्वच्छ येते. डेस्कटॉपवर जी रिमोटची फाइल ठेवलेली असते तिच्यातही जुने नाव लिहून ठेवलेले असते, म्हणून तीही उघडून पाहावी. साठवलेला पासवर्ड असूनही दर वेळी तो विचारला जात असेल, तर ते पलीकडच्या संगणकाचे धोरण असू शकते. ती अडचण नव्हे, शिस्त आहे, आणि ती तशीच राहू द्यावी.

आणि लाइन जाण्याचा त्रास तर आहेच. लाइन गेली, परत आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने सगळ्यांना आयपी पत्ते नव्याने वाटले. काल १९२.१६८.१.५ हा पत्ता टॅलीच्या संगणकाचा होता, आज तो बिलिंगच्या संगणकाकडे गेला. मालक त्याच पत्त्यावर तेच नाव आणि तोच पासवर्ड देतो आणि बिलिंगचा संगणक अगदी प्रामाणिकपणे नकार देतो, कारण ते खाते त्याच्याकडे नाहीच. ‘कालपर्यंत चालू होतं’ असे कोणी म्हटले, की मी पासवर्डविषयी विचारत नाही, ‘काल रात्री लाइन गेली होती का’ असे विचारतो. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला किंवा पत्त्याऐवजी संगणकाच्या नावाने जोडणी केली, की हा प्रश्न कायमचा मिटतो. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची आमच्याकडची पद्धतही इथे नडते: मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल मेलेला असेल, तर सकाळी घड्याळ काही वर्षे मागे गेलेले असते. डोमेनमध्ये वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक असला, की केर्बेरॉस ही तिथली ओळखतपासणीची पद्धत प्रवेश नाकारते. साध्या जोडणीतही दोन संगणकांच्या वेळेत फरक असल्याचा संदेश येऊ शकतो. सेल थोडक्या पैशात मिळतो आणि बदलायला पाच मिनिटे लागतात.

बरोबर पासवर्ड नाकारला जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे खात्याला लागलेले कुलूप. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये १० वेळा पासवर्ड चुकला, की खाते १० मिनिटे बंद राहते. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो: चुकले, पुन्हा टाकले, चुकले, पुन्हा टाकले. मग त्याला खरा पासवर्ड आठवतो, पण तोवर कुलूप लागलेले असते आणि खरा पासवर्डही चुकीचा ठरला, असे समजून तो आणखी वेगळे काहीतरी टाकू लागतो. अशा वेळी चहा घ्यावा आणि १० मिनिटे त्या संगणकाला हात लावू नये. ‘नेट अकाउंट्स’ या आज्ञेने तुमच्या संगणकावर ही मर्यादा किती आहे ते कळते.

कोणीच चुकीचा पासवर्ड टाकलेला नसताना खाते वारंवार बंद पडत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. राउटरमधून ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असेल, तर जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र तिथे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘अ‍ॅडमिन’, ‘युजर’ अशी नावे घेऊन पासवर्ड आजमावत बसतात. दुकानदाराने दिलेले ‘अ‍ॅडमिन’ हे नाव त्यांच्या यादीत असतेच. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची त्रुटी जाहीर झाली तेव्हा तर जुन्या विंडोजवर पासवर्डशिवायही आत शिरता येण्याचा धोका होता. पोर्ट बंद करावा आणि आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित मार्ग), मग रिमोट असा मार्ग ठेवावा. टेलस्केल किंवा वायरगार्ड हे लहान व्यवसायाला पुरेसे आहेत. गावात बहुतेकांचे इंटरनेट मोबाइलच्या सिमवर चालते आणि तिथे अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. या एका बाबतीत आमची गैरसोय आमच्या पथ्यावर पडली आहे.

एवढ्या शक्यता एकेक करून तपासत बसण्यापेक्षा संगणकालाच कारण विचारणे मला आवडते. बाहेरच्याला तो कारण सांगत नाही, पण स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो. पलीकडच्या संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज आणि त्यात सिक्युरिटी असे गेले, की फसलेल्या प्रवेशाच्या नोंदी ४६२५ या क्रमांकाने दिसतात. त्या दिसत नसतील तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत लॉगऑनच्या अपयशाची नोंद आधी सुरू करावी आणि पुन्हा एकदा प्रयत्न करावा. नोंद उघडल्यावर कोणत्या नावाने आणि कोणत्या संगणकावरून प्रयत्न झाला ते लिहिलेले असते. नावाविषयीचे निम्मे वाद तिथेच संपतात. त्याखाली ‘स्टेटस’ आणि ‘सब स्टेटस’ असे दोन संकेत असतात, दोन्ही पाहावेत आणि त्यांची शेवटची अक्षरे लक्षात ठेवावीत. शेवट ६ए असेल तर पासवर्ड खरोखर चुकला आहे. ६४ असेल तर त्या नावाचे खातेच नाही. २३४ म्हणजे खात्याला कुलूप लागले आहे, ७२ म्हणजे खाते बंद करून ठेवले आहे, ६ई म्हणजे रिकाम्या पासवर्डसारखा निर्बंध आणि १५बी म्हणजे ओळख पटली पण अशा प्रकारे आत येण्याचा अधिकार दिलेला नाही. दुकानात बसलेल्या मुलाला फोनवरून ही नोंद वाचायला सांगितली, तर मोटारसायकल काढण्याची गरजच उरत नाही.

दोन संकेत मुद्दाम मागे ठेवले, कारण त्यांच्याविषयी सविस्तर सांगायचे आहे. ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली आणि २२४ म्हणजे पहिल्या प्रवेशाच्या वेळी पासवर्ड बदलण्याची अट आहे. वर मी वेगळे स्थानिक खाते काढण्याचा सल्ला दिला, आणि ते खाते ‘नेट युजर’ आज्ञेने काढले तर त्याच्या पासवर्डला ४२ दिवसांची मुदत आपोआप लागते. सहा आठवडे सगळे सुरळीत चालते, सल्लागार निर्धास्त होतो आणि मग एका सकाळी प्रवेश बंद. संगणक व्यवस्थापनाच्या खिडकीतून खाते काढले तर ‘युजर मस्ट चेंज पासवर्ड अ‍ॅट नेक्स्ट लॉगऑन’ या पर्यायावर आधीच खूण असते आणि मग पहिल्याच दिवशी अडते. एनएलए सुरू असताना पासवर्ड बदलण्याचा पडदा रिमोटवर येत नाही, कारण तो पडदा आतला आहे आणि अडवणूक फाटकावर होते. म्हणून एकदा त्या संगणकासमोर बसून त्या खात्याने आत जावे आणि पासवर्ड बदलावा, किंवा खात्याच्या गुणधर्मांत मुदत न संपण्याच्या पर्यायावर खूण करावी. या अडचणीसाठी एनएलए बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला मान्य नाही.

क्रेडएसएसपीचा, म्हणजे नाव-पासवर्ड पलीकडे सुरक्षित पोचवणाऱ्या विंडोजच्या यंत्रणेचा, उल्लेख असलेला संदेश आला तर पासवर्डचा विचारच करू नये. २०१८ च्या मे महिन्यातील अद्यतनांपासून एक बाजू अद्ययावत आणि दुसरी जुनी असली, की जोडणी नाकारली जाते. जुन्या बाजूला विंडोजची अद्यतने टाकणे हाच त्यावरचा उपाय.

त्याहून नवे कारण अनेकांना अजून ठाऊक नाही. दहा-वीस संगणक एकदम पुरवताना दुकानदार एकाच डिस्कची हुबेहूब नक्कल सगळ्यांवर उतरवतात. नक्कल करण्याआधी सिसप्रेप, म्हणजे संगणकाची जुनी ओळख पुसणारे विंडोजचे साधन, चालवायचे असते, पण तो वेळ कोणी काढत नाही आणि सगळ्या संगणकांचा आतला ओळखक्रमांक, म्हणजे एसआयडी, सारखाच राहतो. वर्षानुवर्षे याचा त्रास झाला नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीच्या अद्यतनांपासून मात्र विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या अशा दोन जुळ्या यंत्रांमधली ओळखतपासणी नाकारतात आणि पडद्यावर तोच पासवर्ड चालला नसल्याचा संदेश येतो. एकाच खेपेत आलेले दोन संगणक एकमेकांना जोडत नाहीत, पण घरच्या लॅपटॉपवरून दोन्ही जोडले जातात, असे दिसले तर हीच शंका घ्यावी. ‘हू अ‍ॅम आय’ या आज्ञेपुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘युजर’ असे दिले, की क्रमांक दिसतो. स्थानिक खात्याने पाहिल्यावर शेवटचा तुकडा सोडून बाकीचे आकडे दोन्हीकडे सारखे असतील तर निदान पक्के. त्यावर कायमचा उपाय विंडोज योग्य रीतीने पुन्हा टाकणे हाच आहे, आणि ते काम पुरवठादाराकडून करून घ्यावे.

हे सगळे तपासूनही संकेत ६ए असाच येत असेल तर पासवर्ड बदलावा, पण रीतीने. जुना पासवर्ड माहीत असेल तर आत जाऊन बदलावा. रिमोटच्या खिडकीत त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि एंड या कळा एकत्र दाबाव्या लागतात, कारण डिलीटची कळ वापरली तर आपल्याच संगणकाचा पडदा उघडतो. जुना माहीत नसेल आणि दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून नवा घालावा लागला, तर त्या खात्यात साठवलेले इतर पासवर्ड आणि विंडोजने कूटबद्ध केलेल्या फाइली हाती न लागण्याची शक्यता असते, याची कल्पना मालकाला आधी द्यावी. बदलल्यानंतर मालकाचा घरचा लॅपटॉप, त्याचा फोन आणि सल्लागाराच्या सहायकाचा संगणक या सगळ्यांवरून साठवलेला जुना पासवर्ड काढून टाकावा, नाहीतर त्यातला एखादा जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि खात्याला पुन्हा कुलूप लावतो. रात्री टॅलीचा बॅकअप घेणारे टास्क शेड्युलरमधले काम त्याच खात्याने चालत असेल, तर तिथेही नवा पासवर्ड घालावा, कारण ते काम बंद पडल्याचे कोणाच्याही पडद्यावर दिसत नाही.